सव्वानऊचा मुहूर्त

मार्गशीर्षातला तो एक शुक्रवार हाती लागला, तर परसरामला एका मांडवात एवढं मिळणार होतं की दुसऱ्या कुणाला त्यासाठी तीन वर्षं गावात हात जोडत फिरावं लागलं असतं. पोरगी उजवली जाणार होती, पण ती वैशाखातही उजवली गेलीच असती. शुक्रवारी उजवली तर बोरटोल्याच्या दोनशे साठ चुली त्या संध्याकाळी त्याच्या दारात जेवणार होत्या, आणि रविवारी त्याच चुलींभोवतीची अकराशे माणसं सरपंचासाठी बटण दाबणार होती. मध्ये फक्त शनिवार. खाल्लेलं जेवण एका शनिवारात विसरेल इतकं गाव काही वाईट नाही, असा परसरामचा अंदाज होता. आणि माणसांचा अंदाज घेण्यात तो स्वतःला आंधळगावच्या बाजारातल्या धानाच्या दलालापेक्षा वरचढ समजे.

एरवी निवडणुकीच्या दिवसांत मतदाराला चहा पाजला तरी कोणीतरी खिशातून मोबाईल काढून फोटो घेतो. लग्नाच्या जेवणावर कोण बोट ठेवणार? पत्रिका छापलेली, मुहूर्त काढलेला, आणि मांडवात खरोखरची नवरी.

सरपंचाची खुर्ची यंदा बाईसाठी राखीव निघाली होती. परसरामला त्याचं दुःख चार दिवस झालं. पाचव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला बायको आहे. मंगलाबाईला त्यानं चोवीस वर्षांत कशाचं विचारलं नव्हतं, ते याही वेळी विचारलं नाही. फक्त आधारकार्ड मागितलं. समोरून गोदावरीबाई उभी होती, म्हणजे तिचा नवरा कैलाश उभा होता. कैलाशजवळ धान चुरायची मशीन होती, ती या दिवसांत खळ्याखळ्यातून फिरे, आणि 'आज तुमचं, उद्या त्यांचं' एवढं ठरवायचा अधिकार ज्याच्या हाती, त्याला गावात वेगळा प्रचार लागत नाही. कैलाशजवळ मशीन होती. परसरामजवळ पोरगी होती.

लग्न तसं वैशाखावर ठरलेलं. दिवाळी झाल्यावर एकोडीची मंडळी आली, साक्षगंध झालं, बोटात अंगठी पडली. त्या बैठकीत दामिनीनं मान वर करून सगळ्यांपुढं सांगितलं होतं, "माही पोलीस भरतीची मैदानी तेवढी होऊन जाऊ द्या. मंग कधीही करा."

"हाव ना बेटा," नवरदेवाचे वडील सेवकराम म्हणाले होते. "आमाले का घाई आहे? वर्दीतली सून आली तं एकोडीत माह्या बैलाले कोणी दगड मारणार नाही."

सगळे हसले. सेवकरामची बायको बेबीबाई हसली नाही, तिनं पदर सारखा केला. परसरामनं ते पाहून ठेवलं. असलं पाहिलेलं तो कधी वाया जाऊ देत नसे.

दामिनीची ती मैदानी चाचणी म्हणजे पोरखेळ नव्हता. दोन वर्षं ती पहाटे उठून नहराच्या रस्त्यानं पळत होती. जोडीला तृप्ती, तिच्याच वर्गातली. आधी गाव हसलं, मग गावाला सवय झाली, आणि शेवटी धानाच्या बांधीत निघालेली माणसं त्या दोघी दिसल्या की किती वाजले ते सांगू लागली. आठशे मीटरला दामिनीला दोन मिनिटं पन्नास सेकंद लागत, म्हणजे पूर्ण गुण. तृप्ती पंधरा सेकंद मागून येई आणि गुडघ्यावर हात टेकून शिव्या देई.

निवडणूक जाहीर झाली त्याच आठवड्यात परसराम आंधळगावच्या महाराजांकडे गेला. जाताना नव्या चिन्नोर तांदळाची पिशवी नेली.

"घरचा आहे, महाराज. वास पाहा."

महाराजांनी वास पाहिला, पिशवी हातानं तोललीही. "बोला."

"पोरीचं लगन."

"वैशाखातले तीन मुहूर्त काढून देल्ले ना तुमाले?"

"वैशाख लय दूर आहे जी. याच महिन्यात पाहा. मतदानाच्या आधीचा शुक्रवार."

महाराजांनी चष्मा कपाळावर चढवला. "परसरामजी, लोक मले विचारतात मुहूर्त कधी आहे. तुमी मले सांगून राहिले."

"तुमी पाहा तं खरं."

महाराजांनी पंचांग उघडलं, दोन पत्रिका शेजारी मांडल्या, बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजलं. परसराम श्वास धरून बसला. पोरीच्या बारावीच्या निकालालाही तो एवढा धरला नव्हता.

"नशीबवान आहात. दोन आहेत. गोरज, पाच वाजून बेचाळीस मिनिटं. आन् रात्री सव्वानऊचा. सव्वानऊचा जास्त चांगला, पोरीले गुरुबळ आहे."

"रात्रीचा नोको. मार्गशीर्षातली थंडी आहे. म्हातारेकोतारे घरून निंगणार नाहीत."

"म्हाताऱ्याईचं लगन आहे काय?"

"तसं नाही जी. सगळ्याईचे आशीर्वाद भेटले पायजे."

"वरात कोठून येणार?"

"एकोडीहून."

"सत्तर किलोमीटरवरून येणारी वरात पाच बेचाळीसले मांडवात पाह्यली तुमी कधी?"

"मी आणतो ना बरोबर."

महाराज हसले आणि त्यांनी कागदावर गोरज मुहूर्त लिहून दिला. आशीर्वाद देणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं परसरामला मतदारयादीतल्या क्रमांकासकट पाठ होती.

दुसऱ्या दिवशी तो एकोडीला. सेवकराम ओसरीवर तणसाचे वेंढे, म्हणजे दोर, वळत बसला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि हात थांबवून म्हणाला, "पण इवाई, पोरीची मैदानी?"

"तिची तारीख कोठी आली आहे अजून? येईन तवा पाहू."

"आली तरी का?" चहा घेऊन आलेली बेबीबाई म्हणाली. "भरती झाली तं ट्रेनिंगले जाईन. मंग कोठी पाठवतील तिकडं नोकरी. मी का सुनेले मोबाईलवर पाहत बसू? माह्ये गुडघे आताच बोलून राहिले." तिनं कप परसरामच्या हातात दिला, बशीसकट, आणि त्यात साखर जरा जास्तच होती. "शुक्रवारच बरा आहे. इवाई बरोबर सांगून राहिले."

सेवकरामनं बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा वेंढे वळायला घेतले. त्या घरात निकाल असा लागत असे. नवरदेव योगेंद्र साकोलीला लाइनमन होता. त्याला फोन लावला तेव्हा तो खांबावर होता; वरूनच म्हणाला, "तुमी म्हणान तसं." पाच महिने आधी बायको घरी येणार म्हटल्यावर खांबावरचा माणूसही वाद घालत नाही.

राहिली दामिनी. परसराम घरी आला तेव्हा ती बोरिंगपाशी बूट धूत होती.

"शुक्रवारी?" ती म्हणाली. बुटाच्या लेसा तिच्या हातातच राहिल्या. "आन् मैदानी?"

"तुह्या मैदानीच्या आड मी येऊन राहिलो काय? तारीख आली की घरासमोर गाडी उभी करतो. शब्द देतो तुले."

परसराम त्या वेळी खोटं बोलत नव्हता. शब्द देतेवेळी त्याचा शब्द नेहमी खराच असे.

आणि मग आवतणं सुरू झाली. परसरामनं अख्ख्या गावाला चूलबंद आवतण द्यायचं ठरवलं. साधं आवतण घरातल्या एकदोघांना असतं. चूलबंद म्हणजे घरातल्या तान्ह्यापासून खाटेवरच्या म्हातारीपर्यंत झाडून सगळ्यांना. त्या वेळी त्या घरात चूल पेटायची नाही, पेटली तर बोलावणाऱ्याच्या तोंडावर मारल्यासारखं. असं आवतण एका घरानं सगळ्या गावाला दिल्याचं बोरटोल्यात कुणाला आठवत नव्हतं. मंगलाबाई हातात कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन दारोदार फिरली.

"का व मंगला," एकीनं उंबऱ्यातच विचारलं, "हे लगनाचं आवतण आहे का बटणाचं?"

"तुले जे घ्याचं ते घे बाई," मंगलाबाई म्हणाली. "मले दोन्हीतलं काही विचारून ठरलं नाही."

बाया हसल्या. परसरामच्या कानावर गेलं तेव्हा तोही हसला. उमेदवार विनोदी असलेला बरा असतो.

कैलाशनं तक्रार करून पाहिली. तालुक्याहून दोन माणसं आली, त्यांनी पत्रिका वाचली, मांडवाचे खांब पाहिले, नवरी पाहिली, आणि चहा न घेता निघून गेली. चहा न घेतल्याचं परसरामनं गावभर सांगितलं.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना दामिनी मोबाईल घेऊन ओसरीवर आली.

"बाबा, हॉलतिकीट आलं. शुक्रवार आहे."

"कोणता शुक्रवार?"

"आपलाच. भंडाऱ्याले, सकाळी दहाले हजेरी."

मंगलाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. परसराम मतदारयादीवर पेन्सिलीनं खुणा करत होता. पोरगी रडेल असं त्याला वाटलं, रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते त्याच्याजवळ तयार होतं. पण ती रडली नाही. हिशोबाला ती बापावर गेली होती.

"मी फोन करून पाह्यला. लगनासाठी तारीख बदलून देत नाही म्हणतात. मंग मी मोजलं. उंची, शंभर मीटर, गोळा, आठशे. नंबर उशिरा लागला तरी पाच वाजेपर्यंत सुटतील. तासाभराचा रस्ता. सहा-साडेसहाले मी घरी. फक्त गोरज सोडून रात्रीचा मुहूर्त पायजे. महाराजाले विचारा ना, त्याच दिवशी दुसरा आहे काय."

परसरामनं पेन्सिल कानावर ठेवली. सव्वानऊ म्हणजे अक्षता पडायला साडेनऊ, पंगत बसायला दहा. खालच्या टोलीतली म्हातारी माणसं आठला पांघरूण घेतात. वरच्या आळीत चार घरं अशी, की म्हातारा जिकडे जेवेल तिकडे सगळं घर बटण दाबतं. हे सगळं त्याच्या डोक्यातून पोरीचं वाक्य संपायच्या आत होऊन गेलं होतं.

"विचारतो," तो म्हणाला आणि फोन घेऊन घरामागं तणसाच्या ढिगाकडे गेला.

तिथून त्यानं मांडववाल्याला फोन लावला. खुर्च्या किती, हे ठरायचंच होतं. तीनशे ठरल्या. मग तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, महाराजांशी बोलायला जेवढा वेळ लागला असता तेवढा, आणि परत आला.

"नाही म्हणतात महाराज. गोरज एकच आहे."

"बरोबर विचारलं ना, बाबा?"

"तं का मी खोटं बोलून राहिलो?"

मंगलाबाईच्या हातातलं सूप थांबलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. घरामागं तो 'खुर्च्या' म्हणाल्याचं तिला ऐकू गेलं होतं की नव्हतं, हे तेव्हा तरी कळलं नाही. सूप पुन्हा सुरू झालं.

"ठीक आहे," दामिनी म्हणाली. "सकाळी आठले निंगून जाईन. रांगेत पह्यली राहीन. चार वाजता मांडवात उभी दिसीन तुमाले. गाडी तेवढी ठेवा."

"गाडी आहेच," परसराम म्हणाला.

गुरुवारी हळद लागली. त्याच संध्याकाळी एकोडीहून बेबीबाईचा फोन. दामिनीनं योगेंद्रला सांगितलं होतं, योगेंद्रनं आईला.

"इवाई, हळद लागल्या पोरीनं गावाची शीव ओलांडाची नाही, एवढं तं तुमच्याकडं पाळतात ना?"

"पाळतात ना, इहीणबाई," परसराम म्हणाला. त्याला त्या फोननं बरंच वाटलं. नाही म्हणायचं कारण दुसऱ्याच्या घरून आलं की माणसाला झोप लागते.

शुक्रवारी सकाळी आठला दामिनी ओसरीवर आली. अंगाला हळद, हळदीचं लुगडं, कमरेला रिवाजाच्या कट्यारीऐवजी खोचलेलं सुरीचं पातं, आणि पायात बूट. अंगणात वांगी चिरणाऱ्या बाया बोलायच्या थांबल्या. बाहेर तृप्ती बापाच्या मोटरसायकलवर मागं बसून आली होती.

"गाडी कोठी आहे, बाबा?"

"गाड्या सगळ्या वऱ्हाड आणाले गेल्या."

"आठ वाजता?"

"लांबून आणाची आहे वरात. मी महाराजाले शब्द देल्ला आहे."

शब्द तिलाही दिला होता, पण ती त्या वादात पडली नाही. "मंग तृप्तीसंगं जातो. तिबल सीट. काका, जागा होते ना?"

तृप्तीचा बाप हँडलकडे पाहत राहिला. परसरामची मोठी बहीण लीलाबाई पुढं झाली आणि तिनं दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "हळदीच्या अंगानं शीव ओलांडतेस काय व? एका लगनात का का पाहाव आम्ही?"

"आत्या, संध्याकाळी येतो ना मी. पळून जाऊन राहिली नाही."

"हेच!" परसराम म्हणाला. आवाज खाली आणून, वांगी चिरणाऱ्यांना ऐकू जाऊ नये एवढा, पण त्यांना ऐकू गेलंच. "नवरी मोटरसायकलवर बसून गावातून गेली, तं कैलाश दुपारपर्यंत घरोघरी सांगन की परसरामची पोरगी पळाली. मंग सांजेले कोण येते जेवाले? आन् परवा तुह्या मायले कोण देते मत? तुह्या मायची इज्जत आहे ही. माही नाही."

दामिनीनं आईकडे पाहिलं. "आई, तू सांग."

मंगलाबाईचे दोन्ही हात कणकेत होते. अंगणातल्या सगळ्या नजरा तिच्याकडे वळल्या, बोरटोल्याच्या होणाऱ्या सरपंचाकडे. तिनं एकदा पोरीच्या पायांकडे पाहिलं.

"बाबा म्हणतात तसं कर," ती म्हणाली.

तृप्तीनं आणखी पाच मिनिटं वाट पाहिली. "मी तिथं सांगतो, मागून येऊन राहिली म्हणून," एवढं म्हणाली आणि गेली. दामिनी चौकटीला टेकून बसली. दहा वाजले, तेव्हा ती तिथंच होती. अकरा वाजता लीलाबाईनं तिच्या पायातले बूट काढून घेतले, तिनं काढू दिले.

संध्याकाळी पाचपासून गाव आलं. सगळं गाव. खालच्या टोलीतली म्हातारी माणसं कानाला मफलर बांधून, पोरांच्या खांद्यावर हात ठेवून आली. परसरामनं प्रत्येकाला खुर्ची दिली, प्रत्येकाच्या पाया पडला. पाच बेचाळीस झाले. वरात आली नव्हती. सहा झाले. सेवकराम फोनवर म्हणाला, साकोली सोडली. साडेसहाला म्हणाला, गावाच्या वेशीजवळ आहो, पोट्टे नाचून राहिले. गावाची वेस म्हणजे कोणत्या गावाची, ते परसरामनं विचारलं नाही.

सात वाजता थंडी पडली आणि एक म्हातारा उठला. परसरामनं त्याला खांद्याला धरून बसवलं आणि आचाऱ्याला हाक मारली, "पंगती बसवा!"

"अक्षता पडल्याबिगर?" लीलाबाई कडाडली. "भाऊ, लगन आहे का तेरवी?"

"म्हातारी माणसं आहेत बाई, किती वेळ बसवून ठेवू?"

"मी तं जेवत नाही. आन् ज्याईले रीतभात आहे ते कोणीही जेवणार नाहीत."

बरेच जेवले. चिन्नोरचा भात होता, वांग्याची भाजी, बुंदी; रीतभात चार घास मागं सरली. पण काही जण उठून घरी गेले, आणि थोड्या वेळानं खालच्या टोलीवर, चूलबंद आवतणाच्या रात्री, धूर दिसला. परसराम मांडवाच्या टोकाला जाऊन मोजून आला. नऊ घरं. नऊ घरांची माणसं किती, ते त्याला यादी न बघता सांगता आलं असतं.

वरात साडेसातला आली. नाचणाऱ्यांचा घाम निथळत होता. सेवकराम हात जोडून थेट महाराजांसमोर उभा राहिला.

"माफी करा महाराज, मुहूर्त टळला. पोट्टे ऐकत नाहीत."

"टळला तं टळला," महाराज म्हणाले. ते शेकोटीपाशी निवांत बसले होते. अशा वराती त्यांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या. "सव्वानऊचा आहेच. मी तं परसरामजीले पह्यल्याच दिवशी म्हणलं होतं, तोच चांगला. त्याईलेच गोरज पायजे होता."

दामिनी तिथून दोन हातांवर बसली होती, बाशिंग बांधून. मंगलाबाई तिच्या शेजारी. परसराम सेवकरामच्या मागं उभा होता, त्याला हलायला जागा नव्हती.

दामिनीनं बाशिंगाच्या माळा दोन बोटांनी बाजूला केल्या.

"बाबा," ती म्हणाली, "दोन मिनिटं पन्नास सेकंदाचंच काम होतं."

"भाजी पुरते का पाहून येतो," परसराम म्हणाला आणि गेला.

सव्वानऊला अक्षता पडल्या. मुहूर्त खरोखरच चांगला असावा. वारा पडला होता, आणि एकाही दिव्यानं त्रास दिला नाही.

रविवारी पहाटे परसरामनं एकोडीला गाडी पाठवली. जायचे सत्तर, यायचे सत्तर, एका मतासाठी. नवी नवरी दोन दिवसांत माहेरी कशी, असं बेबीबाईनं विचारलं, तर म्हणाला, "इहीणबाई, एकेक मत मोलाचं असते." दामिनी आली. हातावर मेंदी, बोटाला शाई लावून घेतली. शाळेच्या व्हरांड्यात आईशी दोन शब्द बोलली, बापाला नमस्कार केला, आणि घरी पाणी प्यायलाही न थांबता त्याच गाडीनं परत गेली. "कामाची पोरगी," परसराम रांगेतल्या लोकांना म्हणाला.

मंगळवारी तालुक्याला, मोहाडीला, मोजणी झाली. मंगलाबाई सहा मतांनी निवडून आली.

गुलालानं माखलेला परसराम संध्याकाळी स्वयंपाकघरात आला. बाहेर फटाके वाजत होते. मंगलाबाई पाठमोरी, भाकरी थापत होती. तिच्या अंगावर गुलाल नव्हता. हार घालायला लोकांनी तिला बोलावलं तेव्हा तिनं परसरामकडे बोट दाखवलं होतं.

"सहा," तो म्हणाला. "सहानं काढली, मंगला! पंगती आधी बसवल्या नसत्या तं गेलो होतो आपण."

"म्या गोदावरीले देल्लं," मंगलाबाई म्हणाली.

"काय देल्लं?"

"माह्यं मत. गोदावरीले देल्लं. दामिनीनंही तिलेच देल्लं, शाळेतच सांगतलं मले." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "खुर्च्यांचा फोन मी ऐकला होता त्या दिवशी. तवाच बोलली असती तं पोरगी पळून आली असती. बोलली नाही. मंग हे तरी कराव म्हणलं."

परसरामनं भिंतीला हात टेकला. मंगलाबाईला वाटलं असेल, आता हा ओरडेल, किंवा एखाद्या वेळी रडेलही.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "दोन मतं तिकडची इकडं असती, तं दहानं आलो असतो."

आणि गुलालाच्या हातानं कपाळ पुसत फटाक्यांकडे निघून गेला.

भरतीची यादी फाल्गुनात लागली. तृप्ती निवडली गेली, आठशे मीटरला तीन मिनिटं पाच सेकंद. दामिनीच्या नावापुढं गैरहजर.

त्या शुक्रवारात कुणाचं काय झालं ते पाहायचं, तर महाराजांना चिन्नोर मिळाला आणि त्यांचा शब्दही खरा ठरला. बेबीबाईच्या गुडघ्यांना सून मिळाली. सेवकराम सरपंचाचा इवाई झाला, योगेंद्र पाच महिने आधी नवरा झाला. गाव जेवलं, न जेवलेल्यांची रीत राहिली. कैलाश हरला, पण मशीन त्याचीच आहे आणि पुढच्या हंगामातही ती कोणाच्या खळ्यात आधी जाईल ते तोच सांगेल. परसराम पंचायतीत बायकोच्या खुर्चीला लागून आपली खुर्ची टाकतो आणि बोट ठेवतो तिथं ती सही करते. मंगलाबाईनं आयुष्यात एकदा आपल्या मनानं एक गोष्ट केली, ती सहा मतांनी वाया गेली. या सगळ्यांनी काही ना काही घेतलं, किंवा जेवढं होतं तेवढं तरी राखलं. किंमत एकटीनं दिली. ती सध्या एकोडीत पहाटे पाचलाच उठते, कारण सवय सुटत नाही. आणि उठलीच आहे तर बेबीबाई तिला अंगण झाडायला सांगते.